पर्यंत

ऑफर लेटरच्या दुसऱ्या पानावर एक शब्द होता.
वाचला नाही असं नाही,
मोजला नाही.

"बोनस: वार्षिक वेतनाच्या तीस टक्क्यांपर्यंत."

बेलापूर, सेक्टर पंधरा, अकरावा मजला.
बिल्डरला कर्ज द्यावं की नाही
याची गणितं मांडायची, हे माझं काम.
पहिल्या वर्षाचे नऊ लाख साठ हजार.
त्यातले हातात किती,
हे आईला अजून समजावते आहे.
तळोज्याचे टॉवर, उलव्याचे टॉवर,
पायासुद्धा न खणलेले टॉवर
माझ्या एक्सेलमध्ये मुकाट उभे राहतात.
सबनीस सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं:
निळी अक्षरं म्हणजे आपण मानलेलं,
काळी म्हणजे त्यातून आपोआप आलेलं.
कर्ज बुडतं ते नेहमी निळ्यात.

घरी येऊन मी स्वतःचीही एक शीट केली.
निळ्यात: तीस.
काळ्यात: शिक्षणकर्जाचा उरलेला हप्ता,
प्रज्योतची डिप्लोमाची फी,
वाशीच्या दुकानात दोनदा हात लावून ठेवलेली
करडी ऑफिस बॅग,
आणि सगळ्यात खाली, लपवलेल्या ओळीत,
एक आठवडा कुठेतरी,
जिथून क्रेन दिसत नाही.

माझ्याबरोबर लागलेला निनाद कारखानीस
जानेवारीतच परळच्या फंडात गेला.
"चौदा देतात" हे त्याने लगेच कळवलं.
"रात्री दोनला मेल करतात" हे
होळीनंतर.

एप्रिल. काचेची खोली.
सरांनी पाण्याची बाटली टेबलाच्या कडेशी सरळ केली.
वर्ष बरं गेलं, काम चोख आहे, पण मार्केट...
पुढचं वाक्य मार्केटनेच पूर्ण केलं.
साडेबारा टक्के.
एक लाख वीस हजार, कर कापायच्या आधी.

"सर, तीस म्हणाला होतात."
"तीसपर्यंत," ते म्हणाले,
आवाज न चढवता,
जणू माझं शुद्धलेखन तपासत होते.

पर्यंत.
स्वतःचं अंग नसलेला शब्द,
आकड्याच्या शेपटीला धरून येतो
आणि शून्यापासूनचं सगळं पोटात घालतो.

गव्हाणला बाबा इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालत होते.
"कवरा दिला?"
"साडेबारा टक्के."
बाबा इतके हसले की पाणी लादीवर सांडलं.

आमच्या घरात तो आकडा
आडनावासारखा वापरतात.
गेलेल्या जमिनीच्या बदल्यात
परत मिळायचा तो वाटा,
त्यासाठी आधी आजोबांनी चपला झिजवल्या, मग बाबांनी,
माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या त्याच इमारतीत.
प्लॉट मिळाला. मग विकला.
माझ्या एमबीएची फी त्यातूनच गेली.
म्हणजे साडेबारा टक्क्यांनी
साडेबारा टक्के कमावले.
याला परतावा म्हणायचं की नाही,
सरांना विचारायला हवं.

"आपली जमीन कुठपर्यंत होती?"
"खारीपावत."
त्यांनी फडक्याने पाणी टिपलं.
"पाय भिजंपावत."
बाबांच्या बोलीत पर्यंत नाही, पावत आहे.
तिथे चालत जाता यायचं.

मग थोड्या वेळाने म्हणाले,
"तोंडाचा काय खरा नाय. पुढच्या वर्षी लिवून घे."
"लिहिलेलंच होतं, बाबा."
ते पुन्हा हसले नाहीत.

रात्री निळ्या चौकोनात तिसाचे साडेबारा केले.
खालचे काळे आकडे एका क्षणात खाली आले,
कुणी भांडलं नाही.
बॅग गेली. प्रज्योतची फी राहिली.
लपवलेली ओळ मी उघडून पाहिली नाही.

मे महिन्यात ठाण्याच्या एका कंपनीचा फॉर्म भरला,
घोडबंदर रोड, गृहप्रकल्प, कर्जविभाग.
अपेक्षित वेतन, रिकामा चौकोन.
आकडा लिहिला. थांबले.
त्याच्यापुढे जोडून लिहिलं: पासून.

चौकोन लाल झाला.
कृपया फक्त अंक भरा.